घुमट दिसला पाहिजे!

टेक्सास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? रुंद काठाची टोपी घातलेला घोडेस्वार, गुरांचे कळप, तेलाच्या विहिरी आणि क्षितिजापर्यंत पसरलेले कोरडे माळरान. यातले थोडे थोडे टेक्सासमध्ये आजही सापडते, नाही असे नाही. पण राज्याची राजधानी ऑस्टिन येथे पोहोचलेल्या पाहुण्याची मान प्रथम वर जाते ती क्रेनकडे पाहण्यासाठी. गेली वीस वर्षे या शहराच्या मध्यवस्तीवर, तिथल्या बोलीत डाउनटाउनवर, कुठे ना कुठे क्रेन उभीच आहे. १९९० साली ४,६५,६२२ लोकवस्तीचे हे गाव २०२० च्या जनगणनेत ९,६१,८५५ वर गेले. तीस वर्षांत दुपटीहून अधिक!

आणि तरीही, या काचेच्या उंच उंच मनोऱ्यांच्या गर्दीत एक जुना घुमट शहराच्या अनेक कोपऱ्यांतून अजून दिसतो. दक्षिणेकडच्या चढावरून दिसतो, नदीवरच्या पुलावरून दिसतो, बागेतल्या हिरवळीवरून दिसतो. हा योगायोग नव्हे. तो दिसलाच पाहिजे, असा तिथे कायदा आहे.

ऑस्टिनची गोष्ट सुरू होते १८३९ साली. टेक्सास तेव्हा अमेरिकेत सामील झालेले नव्हते, ते एक स्वतंत्र प्रजासत्ताक होते. त्याचे अध्यक्ष मिराबो लमार यांनी कोलोरॅडो नदीकाठच्या वॉटरलू नावाच्या वाडीवजा वस्तीवर बोट ठेवले आणि राजधानी इथेच व्हावी असे ठरवले. (ही कोलोरॅडो म्हणजे महादरीतून वाहणारी प्रसिद्ध नदी नव्हे, टेक्सासची तिची नामबहीण.) एडविन वॉलर या गृहस्थांनी दोन ओढ्यांच्या मधोमध सुमारे एक मैल लांब-रुंद जागेवर चौकटी आखल्या. उभ्या रस्त्यांना टेक्सासच्या नद्यांची नावे दिली, तीही जवळजवळ नकाशातल्याच क्रमाने. पूर्वेला सबीन, पश्चिमेला रिओ ग्रांदे. म्हणजे शहरात चार पावले चालले की राज्याचा भूगोल पाठ! आडव्या रस्त्यांना झाडांची नावे होती. पुढे ती जाऊन त्यांच्या जागी आकडे आले. 'पेकन स्ट्रीट'चा 'सिक्स्थ स्ट्रीट' झाला. सोय झाली असेल, पण झाडांची सावली गेली ती गेलीच. मधोमध मात्र एक रुंद राजरस्ता, काँग्रेस अ‍ॅव्हेन्यू, नदीपासून सरळ टेकाडावर चढत जाणारा. त्या टेकाडावर विधानभवन उभे राहायचे होते.

आजची जी इमारत तिथे दिसते ती १८८८ सालची. आधीची इमारत १८८१ मध्ये आगीत खाक झाली. नवी बांधायची तर तिजोरीत पैसा नव्हता. जमीन मात्र अमाप होती. तेव्हा राज्याने सरळ जमीनच मोजून दिली. थोडीथोडकी नव्हे, ३० लाख एकर! शिकागोच्या धनिकांच्या एका मंडळीने ती घेतली, तिथे 'एक्स-आय-टी' नावाचे अवाढव्य गुरांचे रान उभे केले आणि त्या बदल्यात राज्याला हे भवन बांधून दिले.

दगडाची कथा तर याहूनही वेधक आहे. आधी जवळचाच पांढरा चुनखडी दगड वापरायचे ठरले होते. पण त्यात लोहाचा अंश निघाला. हवा लागली की त्यावर गंजाचे डाग उमटायचे. मग मार्बल फॉल्सजवळच्या डोंगराच्या मालकांनी आपला तांबूस ग्रॅनाइट फुकट देऊ केला, आणि तो वाहून आणण्यासाठी रेल्वेचा फाटा टाकला गेला. दगड फुकट, तर मजुरीही स्वस्तात हवी! खाणीत राज्यातले कैदी जुंपले. यावर अमेरिकेतल्या पाथरवटांच्या संघटनेने कामावर बहिष्कार घातला. तेव्हा ठेकेदाराने स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन गावाहून साठच्या वर पाथरवट आणले. परदेशातून करारावर मजूर आणणे कायद्याविरुद्ध होते, त्याबद्दल पुढे खटला झाला, दंडही झाला. पण तोवर भिंती उभ्या राहिल्या होत्या. संध्याकाळच्या उन्हात हा दगड गुलाबी दिसतो तेव्हा पाहुणे कॅमेरे सरसावतात. त्या गुलाबी रंगात कैद्यांचा घाम किती, हे तिथला एखादा जाणता वाटाड्याच सांगतो.

भवनाची उंची ३०० फुटांहून थोडी अधिक आहे. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपेक्षाही काही फुटांनी जास्त. टेक्सासची माणसे ही गोष्ट पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतात.

बराच काळ या घुमटाला मध्यवस्तीत कुणी स्पर्धक नव्हता. १९१० च्या सुमारास स्कारब्रो आणि लिटलफील्ड या इमारती काँग्रेस अ‍ॅव्हेन्यूवर आल्या, त्यांचे गावाला केवढे कौतुक! पण त्या घुमटाच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. १९६६ मध्ये विधानभवनाच्या अगदी शेजारी, पश्चिमेला, वेस्टगेट टॉवर हा उंच राहता मनोरा उभा राहिला आणि पहिल्यांदा लोक चरकले. ऐंशीच्या दशकात बँकांच्या आणि कचेऱ्यांच्या इमारती भराभर चढू लागल्या. दक्षिणेकडून येताना घुमट कुठे अर्धाच दिसू लागला, कुठे दिसेनासा झाला.

तेव्हा, १९८३ साली, राज्याने आणि शहराने मिळून एक वेगळीच शक्कल लढवली. सगळ्या शहराला एकच उंचीची मर्यादा घालण्याऐवजी त्यांनी नजरेचे रस्ते आखले. सुमारे तीस ठिकाणे निवडली: दक्षिण काँग्रेस रस्त्यावरचा चढ, झिल्कर पार्कमधले क्लबघर, नदीवरचे पूल, महामार्गाचे काही टप्पे, पूर्वेकडच्या ह्यूस्टन-टिलटसन या कृष्णवर्णीयांच्या जुन्या महाविद्यालयाचे आवार. प्रत्येक ठिकाणापासून घुमटापर्यंत हवेत एक अदृश्य पट्टा कल्पायचा. त्या पट्ट्यात कुणाच्याही इमारतीचे डोके घुसता कामा नये. याला 'कॅपिटॉल व्ह्यू कॉरिडॉर' म्हणतात. मराठीत दृष्टिमार्ग म्हणू या.

याचा परिणाम मोठा गमतीचा झाला आहे. मध्यवस्तीच्या नकाशावर हे पट्टे पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले दिसतात. ज्याची जमीन दोन काड्यांच्या मधल्या फटीत आली तो साठ मजले चढवू शकतो. त्याच्या शेजाऱ्याची जमीन काडीखाली आली तर त्याने चार-सहा मजल्यांवर समाधान मानायचे. काही इमारतींचे कोपरे तिरके कापल्यासारखे दिसतात, काहींचे वरचे मजले एका बाजूला मागे सरकलेले असतात. नवख्याला ती वास्तुकाराची लहर वाटते. पण तिथे खरा वास्तुकार म्हणजे तो कायदाच. १९९३ मध्ये आमदारांसाठी जास्त जागा हवी झाली, तेव्हा राज्याने स्वतःही हा संकेत पाळला. भवनाच्या उत्तरेला चुनखडीचा खडक खोल खोदून चार मजले जमिनीखाली बांधले. वर हिरवळ, खाली कचेऱ्या आणि समित्यांची दालने. ज्यांनी कायदा केला तेच जमिनीखाली जाऊन बसले, असे उदाहरण इतरत्र क्वचितच सापडेल!

नव्वदच्या दशकात या शहराला संगणकाचे पंख फुटले. मायकेल डेल या विद्यार्थ्याने १९८४ साली टेक्सास विद्यापीठातल्या आपल्या खोलीवरून संगणक विकायला सुरुवात केली होती. बघता बघता ती जगप्रसिद्ध कंपनी झाली. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनीही इथे बस्तान बसवले. त्यांच्यामागोमाग जगभरचे अभियंते आले, आपल्याकडचेही आले. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतल्या पत्रांवर आणि पुढे ई-मेलवर 'ऑस्टिन' हे नाव त्या काळात प्रथम उमटले. मात्र ही सारी मंडळी राहत असत दूरच्या उपनगरांत. संध्याकाळी सहानंतर डाउनटाउनमध्ये उरायचे ते गाणाऱ्यांचे अड्डे आणि रिकामे मोटारतळ.

महापौर विल विन (२००३ ते २००९) यांनी ठरवले की मध्यवस्तीत माणसे राहायला आली पाहिजेत, पंचवीस हजार तरी. त्याआधी या स्वप्नाची एक फजितीही गावाने पाहिली होती. एका चिप कंपनीने रिपब्लिक स्क्वेअरजवळ दहा मजली कचेरी बांधायला घेतली. २००१ मध्ये संगणक धंद्याला मंदी आली, काम अर्ध्यावर थांबले. काँक्रीटचा तो उघडा सांगाडा सहा वर्षे भर गावात उभा होता. अखेर फेब्रुवारी २००७ मध्ये भल्या सकाळी सुरुंग लावून तो पाडला, तेव्हा बघ्यांची जत्रा जमली. त्या जागी आता केंद्र सरकारचे न्यायालय आहे, २०१२ मध्ये पुरे झालेले.

पण त्या मंदीतही एक मनोरा पुरा झाला. २००४ सालचा फ्रॉस्ट बँक टॉवर, उंची ५१५ फूट. निळसर काचेचा, माथ्याशी घड्या घातल्यासारखा. कोपऱ्यावरून पाहिले तर त्याचे वरचे टोक हुबेहूब घुबडाच्या तोंडासारखे दिसते. दोन घड्याळे म्हणजे डोळे. ऑस्टिनकर त्यावरून विनोद करतात. आपल्याकडे घुबड अपशकुनी; पण ते लक्ष्मीचे वाहनही मानतात. बँकेच्या डोक्यावर बसायला याहून योग्य पक्षी कोणता?

त्यानंतर मनोऱ्यांची रांगच लागली. २०१० मध्ये ऑस्टोनियन, ५६ मजले. २०१९ मध्ये इंडिपेंडंट, ५८ मजले. त्याचे मजले एकमेकांवरून सरकल्यासारखे आहेत, म्हणून लोक त्याला लाकडी ठोकळ्यांच्या 'जेंगा' खेळाचे नाव देतात. मग सिक्स्थ आणि ग्वादालूपे रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा ६६ मजली मनोरा. त्याच्या कचेऱ्यांचे सारे मजले एका बड्या कंपनीने भाड्याने घेतले आणि राहायला येण्याआधीच आपला बेत बदलला. आणि २०२५ मध्ये 'वॉटरलाइन'चा माथा हजार फुटांच्या पुढे गेला. ७४ मजल्यांची ही इमारत साऱ्या टेक्सासमध्ये उंच. १९८२ पासून हा मान ह्यूस्टनकडे होता. वॉटरलू या पहिल्या वाडीची आठवण त्या नावात असावी असे वाटते खरे. पण तिच्या पायथ्याशी जे गाव होते त्याचे काय झाले, ते पाहायला रेनी स्ट्रीटवर जायला हवे.

वॉटरलाइनपासून दोन मिनिटांच्या चालीवर, नदीच्या बाजूला हा छोटा रस्ता आहे. पुढे पडवी, मागे अंगण, पेकनची झाडे, अशी इथली बैठी लाकडी घरे विसाव्या शतकाच्या आरंभीची. गेल्या काही पिढ्यांत इथे मुख्यतः मेक्सिकन वंशाची कुटुंबे राहत होती. १९८५ मध्ये हा भाग ऐतिहासिक म्हणून राष्ट्रीय यादीत नोंदवला गेला. कागदावर मान मोठा! पण त्या यादीत नाव असले म्हणजे घर पाडता येत नाही असे नाही. २००४ मध्ये महापालिकेने या भागाचा वापर बदलून त्याला मध्यवर्ती व्यापारी विभाग केले. झाले! ज्या जमिनीवर कालपर्यंत तुळईवर टेकलेले दोन खोल्यांचे घर होते, तिच्यावर चाळीस मजले शक्य झाले.

इथे टेक्सासच्या कराची खुबी समजून घेतली पाहिजे. या राज्यात व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही. ऐकायला किती छान! पण शाळा, रस्ते, पोलीस यांचा मोठा भार मालमत्ता करावर पडतो, आणि तो कर घराच्या बाजारभावावर दरवर्षी नव्याने ठरतो. घर कर्जमुक्त आहे, मालक निवृत्त आहे, त्याने भिंतीला रंगही लावलेला नाही. तरी शेजारी मनोरा आला की त्याच्या अंगणाची किंमत वाढते आणि कराचे बिलही. राहत्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, वृद्धांना शाळेच्या करात सूट द्यावी, असे नियम आहेत. पण दहा टक्के दरवर्षी, लागोपाठ सात वर्षे वाढले की काय होते, ते हिशेब करून पाहावे. आणि भाडेकरूला तर त्यातली कुठलीच ढाल नाही. रेनी स्ट्रीटच्या मालकांपैकी अनेकांना विकताना चांगला पैसा मिळाला हेही खरे. त्यांना फसवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण घर विकले की त्याच गावात दुसरे घ्यायला तो पैसा पुरतोच असे नाही.

२००९ च्या सुमाराला त्या घरांमध्ये मद्यालये सुरू झाली. पडवीत बाकडी आली, अंगणात दिव्यांच्या माळा लागल्या. तरुणांची झुंबड उडाली. मग जमिनीचा भाव आणखी वाढला आणि मद्यालयांनाही जागा सोडावी लागली. काही घरे पाडली, काही चक्क उचलून ट्रकवर घालून दुसऱ्या भागात नेली. तिथली लाकडी घरे जोत्याच्या खांबांवर टेकवलेली असतात, त्यामुळे ती उचलता येतात. रस्त्याच्या टोकाला मेक्सिकन-अमेरिकन सांस्कृतिक केंद्र २००७ पासून उभे आहे. चित्रप्रदर्शने भरतात, नृत्याचे वर्ग चालतात. ज्यांची ही संस्कृती, ती माणसे मात्र आता दुरून मोटारीने येतात.

मध्यवस्तीच्या पूर्वेला जो महामार्ग आहे, आय-३५, त्याची गोष्ट याहून जुनी आणि जास्त कडवट आहे. तिथे आधी 'ईस्ट अ‍ॅव्हेन्यू' नावाचा झाडांचा रुंद रस्ता होता. १९२८ च्या शहर आराखड्यात स्पष्ट लिहिले गेले की कृष्णवर्णीयांची वस्ती या रस्त्याच्या पूर्वेला असावी. जबरदस्तीने हाकलणे कायद्यात बसत नव्हते. म्हणून त्यांच्यासाठीच्या शाळा, बागा, सोयी फक्त पूर्वेला ठेवायच्या. मग ती आपोआप तिकडे जातील! तसेच झाले. १९६२ मध्ये त्याच रेषेवर महामार्ग आला आणि कागदावरची सीमा काँक्रीटची झाली. पलीकडच्या ईस्ट इलेव्हन्थ स्ट्रीटवर १९४५ साली सुरू झालेले 'व्हिक्टरी ग्रिल' अजून दिसते. गोऱ्यांच्या सभागृहांत ज्यांना दार बंद होते, अशा मोठमोठ्या कलावंतांनी तिथे मैफली रंगवल्या.

ज्या पूर्वेला माणसांना ढकलले, ती पूर्व आता मध्यवस्तीला लागून असल्यामुळे मोलाची झाली. २००० ते २०१० या दहा वर्षांत ऑस्टिनची लोकसंख्या २०.४ टक्क्यांनी वाढली आणि त्याच काळात कृष्णवर्णीयांची संख्या ५.४ टक्क्यांनी घटली. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत असे घडलेले हे एकटेच, असे टेक्सास विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. ह्यूस्टन-टिलटसनच्या आवारातून घुमट दिसावा म्हणून कायद्याने हवेतला पट्टा राखला. तो पाहणाऱ्यांची घरे राखणारा पट्टा कुणी आखला नाही.

आता हा महामार्ग पुन्हा बांधायला काढला आहे. २०२४ पासून मध्य भागाचे काम सुरू झाले. वरचा दुमजली रस्ता जाणार, मुख्य मार्गिका जमिनीखाली खोल जाणार आणि त्यांच्यावर काही ठिकाणी झाकणे घालून दोन्ही बाजू जोडाव्यात असा शहराचा बेत आहे. मार्गिका मात्र वाढणारच आहेत. त्यासाठी कडेची घरे-दुकाने पडतात म्हणून विरोधही बराच झाला. भाड्यांची गोष्ट थोडी बरी आहे. एवढी नवी घरे एकदम बाजारात आल्यामुळे २०२२ नंतर भाडी उतरली, आणि 'बांधू नका' म्हणणाऱ्यांना 'बांधा' म्हणणारे आता हेच बोट दाखवतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण जो आधीच गेला त्याला या उतरत्या भाड्याचा उपयोग काय?

जुन्यातले सगळेच गेले असे मात्र नाही. १८८६ चे ड्रिस्किल हॉटेल १९६९ मध्ये पाडायला निघाले होते, नागरिकांनी वाचवले. नदीकाठचे सीहोम वीजघर बंद पडले तरी पाडले नाही. त्याच्या शेजारी २०१७ मध्ये सुरेख सार्वजनिक ग्रंथालय झाले. गच्चीवर बाग आणि वाचायला ओसरी असलेले हे ग्रंथालय पावसाचे पाणी साठवून वापरते. आणि चांदणमनोरे! १८९४-९५ मध्ये शहराने १६५ फूट उंचीचे ३१ लोखंडी दिव्याचे मनोरे उभारले होते. पौर्णिमेसारखा उजेड पडावा ही कल्पना. त्यांतले मोजकेच उरलेत, पण रात्री अजून पेटतात. पूर्वी ते आकाशात उठून दिसत. आता साठ मजल्यांच्या सावलीत त्यांना शोधावे लागते.

ऑस्टिनला जाणाऱ्याने मार्च ते ऑक्टोबरमधली एक संध्याकाळ काँग्रेस अ‍ॅव्हेन्यूच्या पुलासाठी ठेवावी. उन्हाळ्यात पारा शंभर अंश फॅरनहाइटवर जातो, तेव्हा पाण्याची बाटली हवीच. १९८० मध्ये हा पूल नव्याने बांधला, तेव्हा त्याच्या तुळयांमध्ये राहिलेल्या अरुंद फटी मेक्सिकोहून येणाऱ्या वटवाघळांना राहण्यासाठी अगदी सोयीच्या ठरल्या. लोक आधी घाबरले, त्यांना मारून टाका म्हणून अर्ज केले. मग मर्लिन टटल या वटवाघूळतज्ज्ञाने गावात मुक्काम ठोकून लोकांची समजूत घातली. आज भर हंगामात तिथे पंधरा लाखांपर्यंत वटवाघळे असतात, आणि तीच शहराचे आकर्षण झाली आहेत. सूर्य कलला की पुलाच्या कठड्याशी गर्दी दाटते. उत्तरेला रस्त्याच्या टोकाशी तांबूस घुमट, दोन्ही बाजूंना काचेचे मनोरे, पलीकडे अजून एक क्रेन. मग खालून पहिली काळी रेघ निघते, नदीवरून पूर्वेकडे वळते आणि दाट होत होत महामार्गाच्या पलीकडे जाते.